संगणकावरचे नाक आणि सुईचा भरवसा

तुळजापूर (प्रतिनिधी) : 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्या समाजात नाकाच्या ठेवणीला किती मोल होते हे वेगळे सांगावयास नको. आता या विघ्नावर अर्ध्या तासाचा उतारा उपलब्ध असल्याचे सांगितले जात आहे. चेहऱ्याचे छायाचित्र संगणकात घालावयाचे, पडद्यावर नाक हवे तसे सरळ वा टोकदार करून पाहावयाचे आणि त्या चित्राबरहुकूम सुईने जेल टोचून घ्यावयाचे. चिरा नाही, टाके नाहीत, रुग्णालयात मुक्काम नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेला घाबरणाऱ्यांसाठी हा 'विनाशस्त्रक्रिया' मार्ग असल्याच्या जाहिराती महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून त्या तालुक्याच्या गावीही पोहोचल्या आहेत.

तुळजापूरच्या अर्थकारणात लग्नसराईला मोठे स्थान आहे. कुलस्वामिनीच्या दर्शनाला येणारी नवपरिणित जोडपी, घरोघरचे गोंधळ, हळदीकुंकवाची व कवड्यांच्या माळांची दुकाने यांवर गावातील कित्येकांचे पोट चालते. लग्नापूर्वीची छायाचित्रे काढणे हाही आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. परिचयपत्रकासोबत पाठविले जाणारे छायाचित्र पूर्वी छायाचित्रकाराच्या ब्रशाने थोडेफार उजळले जाई. आज ते भ्रमणध्वनीतील एका कळीवर बदलते. रंग उजळतो, डोळे मोठे होतात, नाक बारीक होते. छायाचित्रातील नाक आणि प्रत्यक्षातील नाक यांत अंतर पडू लागले की, छायाचित्राऐवजी नाकच बदलावे असे वाटणाऱ्यांची संख्या वाढते. जगभरातील त्वचारोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन गेली काही वर्षे हेच सांगत आहेत. चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत, 'सेल्फीत चांगले दिसावे म्हणून' आलेले रुग्ण पाहिल्याचे सांगणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण २०१५ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१७ मध्ये ५५ टक्क्यांवर गेले.

यातील विरोधाभास असा, की सेल्फी हाच नाकाचा सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे बोरिस पासखोवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, चेहऱ्यापासून साधारण १२ इंचांवर धरलेल्या कॅमेऱ्यात नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. नाक चेहऱ्याच्या इतर भागांपेक्षा भिंगाच्या अधिक जवळ असते, एवढेच त्याचे कारण. म्हणजे ज्या दोषावर उपाय शोधला जातो, तो दोष पुष्कळदा हाताच्या लांबीचा असतो.

जेल काय करते, काय करीत नाही

या उपचारात बहुधा हायलुरॉनिक आम्लापासून तयार केलेले जेल वापरले जाते. हा पदार्थ शरीरात निसर्गतःही असतो. त्वचेखाली भरण्याचे द्रव्य म्हणून त्याचा वापर युरोपात १९९६ पासून आणि अमेरिकेत २००३ मधील मान्यतेनंतर रुळला. प्रामुख्याने तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी होता. नाकासाठी त्याचा होणारा वापर हा मूळ मान्यतेबाहेरचा, डॉक्टरांच्या स्वतःच्या जबाबदारीवरचा आहे, ही गोष्ट जाहिरातीत सहसा आढळत नाही.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट अधिक साधी आहे. जेल भरल्याने नाक लहान होत नाही. भर घातल्यावर वस्तू वाढते, घटत नाही, हा व्यवहार नाकालाही लागू आहे. नाकाच्या दांडीवर उंचवटा असेल तर त्याच्या वर व खाली भर घालून रेषा सरळ केली जाते आणि उंचवटा दिसेनासा होतो. बसका भाग उचलता येतो, शेंडा किंचित वर करता येतो, डावी-उजवीकडील लहानसा फरक झाकता येतो. रुंद नाकपुड्या अरुंद होत नाहीत, आतला वाकलेला पडदा सरळ होत नाही आणि श्वासाची अडचण दूर होत नाही. परिणामही कायमचा नसतो. काही महिने ते वर्ष-दीड वर्ष गेल्यावर पुन्हा तीच सुई आणि तोच खर्च. जेल पूर्णतः विरघळून जाते असे सांगितले जात असले तरी त्याचे अवशेष याहून दीर्घकाळ राहिल्याचेही आढळले आहे.

संगणकाचे काम येथे सुरू होते. योग्य पद्धतीने होणाऱ्या नियोजनात समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरप्या कोनांतून आणि खालून अशी ठरावीक अंतरावरची, ठरावीक प्रकाशातील छायाचित्रे घेतली जातात. मान वर-खाली झाली तरी नाकाचा कोन बदललेला दिसतो. म्हणून कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत ठेवण्याचा संकेत आहे. महागड्या यंत्रणेत अनेक कॅमेरे एकाच क्षणी छायाचित्र टिपतात व त्यांतून चेहऱ्याचे त्रिमिती प्रतिरूप तयार होते. कपाळ व नाक यांच्यातील कोन, नाक व वरचा ओठ यांच्यातील कोन, दांडीची उंची, शेंड्याचा पुढे आलेला भाग यांची मापे त्यावर घेता येतात. कोठे किती भर घातल्यास रेषा कशी बदलेल, हे डॉक्टर रुग्णाला दाखवितो. उपचारानंतर पुन्हा प्रतिरूप घेऊन पूर्वीच्या प्रतिरूपाशी त्याची तुलनाही करता येते.

हे सारे निश्चितच उपयुक्त आहे. 'थोडे सरळ करा' असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते आणि डॉक्टर काय समजतो, यातील दरी चित्राने पुष्कळ कमी होते. अशक्य ते अशक्य आहे, हेही चित्रावरच समजावता येते. परंतु पडद्यावरच्या त्वचेला जाडी नसते, ती ताणली जात नाही आणि सुजत नाही. तेथे नाक बारीक करणे हे रुंद करण्याइतकेच सोपे असते. प्रत्यक्षात यांतील एक गोष्ट सुईने होते, दुसरी होत नाही. जे संगणकाला जमते ते सुईलाही जमेल, असा ग्रह त्या चित्रातून होतो. विनामूल्य 'नवे नाक पाहा' असे सांगून ग्राहकाला आत घेण्याची पद्धत तर सरळसरळ या ग्रहावरच उभी आहे.

पुण्याचे मेण

आधी नमुना करावयाचा, मग त्याप्रमाणे नाक घडवावयाचे, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. तिचा सर्वांत गाजलेला दाखला महाराष्ट्रातलाच, पुण्याजवळचा आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी कैद झाला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. सोबतचे चित्र जेम्स वेल्स यांनी काढलेल्या कावसजीच्या व्यक्तिचित्रावरून केलेले होते.

त्या वर्णनातील पहिली पायरीच आजच्या विषयाशी थेट संबंधित आहे. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसविला आणि तो दिसायला ठीक वाटेल असे नाक त्यातून घडविले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडविली. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, जेणेकरून नव्या जागी बसेपर्यंत कातडीला रक्त मिळत राहील. टाके घातले नाहीत. पाण्यात भिजविलेल्या काथाच्या पट्ट्या पाच-सहा थरांनी लावल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या कापडाची पट्टी घातली. मधली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापण्यात आली. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी हे वर्णन वाचून वर्षानुवर्षे तयारी केली आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यांनी आपल्या दोन शस्त्रक्रियांची हकीगत छापली आणि ही पद्धत युरोपभर 'हिंदी पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

सुश्रुतसंहितेत याच कामासाठी नाकाच्या मापाचे पान घेण्यास सांगितले आहे. तेथे कातडी गालावरून घेतली जाते आणि श्वास चालू राहावा म्हणून नाकपुड्यांत नळ्या ठेवल्या जातात. पान असो वा मेण, त्या नमुन्याला एक मर्यादा होती आणि तीच त्याची शक्ती होती. मेणाचा पत्रा रुग्णाच्याच चेहऱ्यावर बसवावा लागे आणि तेवढी कातडी त्याच्याच कपाळावर असावी लागे. जे कातडीतून निघणार नाही, ते मेणातही दाखविण्यात अर्थ नव्हता. रक्त कोठून येणार याचा विचार नमुन्यातच करावा लागे. संगणकावरील चित्र या दोन्ही बंधनांतून सुटलेले आहे.

मेणाचा दुसरा इतिहास युरोपचा असून तो इतका सुखावह नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाचे रॉबर्ट गेरसुनी यांनी पॅराफिन त्वचेखाली टोचून शरीराचे भाग भरून काढण्याचा मार्ग दाखविला. बसक्या नाकांसाठी तो झपाट्याने पसरला. चिरा नाही, टाके नाहीत, हे त्याचेही आकर्षण होते. सौंदर्याबद्दल युरोपभर ख्याती असलेल्या आणि पुढे मार्लबरोच्या डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन यांनी १९०३ च्या सुमारास ग्रीक शिल्पासारखी सरळ रेषा यावी म्हणून नाकाच्या दांडीत मेण भरून घेतले. ते कालांतराने खाली सरकले आणि चेहरा कायमचा बिघडला. पॅराफिनच्या गाठी, जखमा, रक्तवाहिन्या बंद होणे आणि अंधत्व यांच्या नोंदी साचत गेल्यावर वैद्यकाने तो मार्ग सोडला. आजचे जेल पॅराफिन नव्हे. ते विरघळविता येते आणि ते बनविण्याची पद्धत नियंत्रित आहे. परंतु नाकाच्या रक्तवाहिन्या १९०३ मध्ये जेथे होत्या तेथेच आज आहेत.

मापे कोणाच्या नाकाची?

संगणकातील कार्यप्रणाली 'आदर्श' कोन सुचविते, तेव्हा तो आदर्श आला कोठून हे विचारणे अगत्याचे ठरते. पाठ्यपुस्तकांत नाक व ओठ यांच्यातील कोन पुरुषांसाठी ९० ते ९५ अंश आणि स्त्रियांसाठी ९५ अंशांच्या पुढे असा दिला जातो. नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधील अंतराएवढी असावी, हा नियम तर युरोपीय चित्रकारांच्या कार्यशाळेतून आलेला आहे. कॅनडातील लेस्ली फार्कस यांनी प्रत्यक्ष माणसांची मापे घेतली तेव्हा खुद्द गोऱ्या लोकांतही हे नियम पुष्कळांना लागू पडत नसल्याचे दिसून आले. मग दख्खनच्या चेहऱ्यांना ते कितपत लागू पडतील?

भारतात नाक मोजण्याला आणखी एक जुनी आणि अप्रिय पार्श्वभूमी आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला होता. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सिद्धांताची चिकित्सा करून तो बहुतेक प्रांतांत टिकत नसल्याचे दाखविले. इरावती कर्वे यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील समूहांची मापे घेऊन १९५१ मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यामुळेही असल्या सोप्या समीकरणांना जागा उरली नाही. शास्त्राने जी मोजपट्टी टाकून दिली, ती सौंदर्याच्या बाजारात 'सुडौल' या नावाने पुन्हा विक्रीला आल्यासारखी वाटते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. रुंद नाक म्हणजे दुरुस्त करण्याजोगे नाक, हे संगणकाला कोणी शिकविले, हा प्रश्न परिचयपत्रके चाळणाऱ्यांनाही विचारता येईल.

सरसकट सर्वांनाच नाक बदलण्याचा हव्यास आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. अपघातात दबलेले नाक, जन्मजात व्यंग, आजाराने बसलेली दांडी यांमुळे माणसाचे समाजात वावरणे कठीण होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी विभागाचे डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले हात व चेहरे सुधारण्यासाठी जे काम उभे केले, त्याला सौंदर्याची हौस असे कोणी म्हणणार नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ मधील अधिसूचनेनेही हाच भेद केला आहे. जन्मजात दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी करमुक्त आरोग्यसेवा मानली जाते, केवळ सौंदर्यासाठीची नाही. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण अटींतही सौंदर्योपचार वगळलेले असतात.

दीड तास आणि ४५ किलोमीटर

खरा धोका वेगळा आहे आणि तो पडद्यावर दिसत नाही. नाकाच्या दांडीवरील रक्तवाहिनी ही डोळ्याला रक्त पुरविणाऱ्या धमनीची शाखा आहे. गालाकडून येणाऱ्या वाहिन्याही तिला मिळतात. सुईचे टोक चुकून वाहिनीत गेले आणि दाबाने जेल आत सोडले गेले, तर ते प्रवाहाच्या उलट दिशेने मागे डोळ्यापर्यंत जाते. दाब कमी होताच ते पुढे सरकून दृष्टिपटलाची धमनी बंद करू शकते. त्याच क्षणी दृष्टी जाते. वाहिनी नाकाच्याच त्वचेची असेल तर शेंड्याची किंवा नाकपुडीची त्वचा काळी पडून गळू शकते. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात वाहिन्यांची रचना बदललेली असल्याने धोका अधिक वाढतो.

हे प्रकार विरळ आहेत, हे प्रथम नमूद केले पाहिजे. पण त्यांचे स्वरूप बदलत आहे. कॅनडातील केटी बेलेझ्ने व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून जगभरची अंधत्वाची ९८ प्रकरणे गोळा केली. त्यांत दोन भुवयांमधील जागा ३८.८ टक्के प्रकरणांत, तर नाक २५.५ टक्के प्रकरणांत कारणीभूत होते. त्याच गटाने २०१९ मध्ये ४८ नव्या प्रकरणांचा आढावा घेतला तेव्हा नाकाचा वाटा ५६.३ टक्क्यांवर गेलेला होता. पहिल्या आढाव्यात स्वतःच्याच शरीरातील चरबी टोचल्याने झालेली प्रकरणे सर्वाधिक होती. दुसऱ्यात ८१.३ टक्के प्रकरणे हायलुरॉनिक आम्लाच्या जेलची होती. विनाशस्त्रक्रिया नाकाची लोकप्रियता वाढली, तसे अपघाताचे ठिकाणही सरकले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१५ मध्येच रक्तवाहिनीत जेल जाण्याच्या धोक्याबाबत इशारा दिला होता.

जेल विरघळविणारे हायलुरॉनिडेज हे विकर उपलब्ध आहे. त्वचा काळवंडू लागल्यास ते वेळीच व पुरेशा प्रमाणात टोचल्याने नाक वाचू शकते. डोळ्याची गोष्ट कठीण आहे. दृष्टिपटल रक्ताविना साधारण दीड तास तग धरते, असे मानले जाते. गेलेली दृष्टी पूर्णपणे परत आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तुळजापूरच्या नकाशावर हा दीड तास ठेवून पाहिला तर नियोजन या शब्दाचा अर्थच बदलतो. तुळजापूरहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. तेथे १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आणि नेत्रतज्ज्ञ आहेत. धाराशिव याहून जवळ आहे व तेथेही अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. रस्ता चांगला असला तरी वाहन मिळविणे, गाठणे, नोंदणी आणि तज्ज्ञ येणे यांत दीड तास सहज सरतो. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरीच्या सुमारास तर सोलापूरहून पायी येणाऱ्या भाविकांनी हा रस्ता भरून गेलेला असतो आणि दरवर्षी वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. अशा दिवशी गावातील एखाद्या खोलीत नाकात सुई टोचली जात असेल, तर तेथे विकराच्या कुप्या आहेत काय आणि त्या कशा वापरावयाच्या हे टोचणाऱ्याला ठाऊक आहे काय, हे दोन प्रश्न नाकाच्या कोनापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत. महानगरातील चांगल्या चिकित्सालयात तरी हे दोन प्रश्न कितीजण विचारतात, हा भाग वेगळाच.

खरे उपयुक्त नियोजन म्हणजे टोचण्यापूर्वी सोनोग्राफीने रक्तवाहिन्यांचा मार्ग पाहून घेणे, असे अनेक तज्ज्ञ आता मानतात. उच्च वारंवारितेच्या लहान सोनोग्राफी यंत्राने दांडीवरील वाहिनी मध्यरेषेला आहे की बाजूला, त्वचेपासून किती खोल आहे, जुने जेल शिल्लक आहे काय, हे दिसू शकते. पण महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, सोनोग्राफी यंत्र ठेवणे ही साधी बाब नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा १९९४ मध्ये झाला. बीड जिल्ह्यातील परळी येथे २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकारानंतर त्याच्या अंमलबजावणीकडे राज्यभर कटाक्षाने पाहिले जाऊ लागले. यंत्राची, जागेची व ते हाताळणाऱ्याची नोंदणी, प्रत्येक वापराची कागदपत्रे आणि हलविता येणाऱ्या यंत्रांवरील निर्बंध या साऱ्यांतून त्वचेच्या डॉक्टरलाही जावे लागते. हे निर्बंध मराठवाड्यातील मुलींच्या जन्मदरासाठी आवश्यकच होते. त्यांचा एक अनपेक्षित परिणाम असा, की चेहऱ्याचे सुंदर प्रतिरूप करणारी यंत्रणा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि चेहऱ्याच्या आतले दाखविणारी यंत्रणा मात्र नियमांच्या कुलपात आहे. सुरक्षिततेसाठी ज्याची अधिक गरज, ते मिळविणे अधिक कठीण, अशी ही उलटी स्थिती आहे.

टोचणारा कोण?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्योपचारांविषयी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून असे उपचार सुरू करणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. आयोगाला असे लिहावे लागले यातच सारे आले. दंतवैद्यांच्या परिषदेने त्याच वर्षाच्या अखेरीस मुख व जबडा शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर दंतवैद्यांना चेहऱ्याचे सौंदर्योपचार करता येतील, अशी भूमिका घेतली. त्यावरून दोन शाखांत वाद आहे. या वादाशी रुग्णाचा संबंध एवढाच, की टोचणाऱ्याची पदवी कोणती हे त्याने स्वतःच पाहावयाचे आहे.

जाहिरातीबाबतही अशीच विषमता आहे. डॉक्टरांना २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे नियम लागू आहेत. आयोगाने २०२३ मध्ये आणलेले नवे नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले. जुन्या नियमांनुसार रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. सौंदर्यप्रसाधनगृहाला हे नियम लागू होत नाहीत. त्यामुळे उपचारापूर्वीचे व नंतरचे चेहरे शेजारी-शेजारी ठेवण्याची चढाओढ ज्यांना कमी कळते तेच अधिक मोकळेपणाने करतात. त्यांतील 'नंतरचा' चेहरा सुईने झालेला की संगणकाने केलेला, हे ओळखण्याचे साधन सामान्य वाचकाजवळ नाही.

दवाखान्यांच्या नोंदणीचा प्रश्न तर जुनाच आहे. केंद्राचा २०१० चा चिकित्सालय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याची रचना खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. अर्ध्या तासात उरकणाऱ्या, खाट नसलेल्या खोलीतील सुई त्या चौकटीत नीट बसत नाही.

राहता राहिला चित्राचा प्रश्न. डॉक्टरने पडद्यावर दाखविलेले नाक हे आश्वासन समजावयाचे की अंदाज? वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरविले. उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, हे २००८ मधील समीरा कोहली खटल्याने स्पष्ट केले. अंधत्वाचा धोका तोंडी वा लेखी न सांगता, केवळ सुंदर चित्र दाखवून घेतलेली सही या कसोटीवर टिकणे अवघड आहे. म्हणून सही करण्यापूर्वी त्या चित्राची प्रत मागून घेणे, जेलच्या वेष्टनावरील नाव व तुकडी क्रमांकाची चिकटपट्टी आपल्या कागदावर लावून घेणे आणि टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून घेणे, एवढे तरी रुग्णाच्या हाती आहे. ते नसल्यास पुढे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाताना हात रिकामे राहतात.

चित्र ज्यांच्याजवळ राहते त्यांच्याविषयीही विचारले पाहिजे. चेहऱ्याचे त्रिमिती प्रतिरूप ही छायाचित्रापेक्षा नेमकी ओळख आहे, आणि ती अनेकदा चिकित्सालयाच्या संगणकात न राहता कार्यप्रणाली पुरविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर साठविली जाते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील बहुतेक मोठ्या जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होणार आहेत. तोवर 'विनामूल्य नवे नाक पाहा' या निमंत्रणाला प्रतिसाद देणाऱ्याने आपला चेहरा कोठे ठेवला जाणार, किती काळ ठेवला जाणार आणि जाहिरातीत वापरला जाणार काय, हे लेखी विचारून घ्यावे लागेल. उत्तर न मिळाल्यास छायाचित्र काढू न देण्याचा अधिकार मात्र आजही आहे.